शहराच्या ३० वर्षांच्या ड्रेनेज प्लॅनसाठी हायड्रॉलिक मॉडेल खरंच लागतं का, की एक्सेलमध्ये मॅनिंग लावून भागतं?

तुम्ही लिहिलंय की सिव्हिल करून नुकतेच एका सिवर मास्टरप्लॅनच्या कामाला लागलात, सिनियर म्हणतात मॉडेल करायचं (म्हणजे सगळ्या लाइनींतलं पाणी कॉम्प्युटरवर एकत्र चालवून बघायचं), आणि तुम्हाला वाटतंय की लोकसंख्या गुणिले दरडोई पाणी गुणिले ०.८, त्यावर पीक फॅक्टर (गर्दीच्या वेळी सरासरीच्या किती पट पाणी येतं तो आकडा), मग मॅनिंग (उतार, व्यास आणि खडबडीतपणा यांवरून फ्लो देणारं सूत्र), निघाला व्यास, यात मॉडेल कशाला, आणि तसंही ३० वर्षांनी काय होणार हे कुणाला ठाऊक. शंका दोन्ही रास्त आहेत. मी बरीच वर्षं हेच काम करते आणि सुरुवातीला मलाही असंच वाटायचं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नवीन वसाहत आहे, सगळे पाइप नवे, नीट उताराला टाकलेले, खाली ना पंप ना नदी, तर एक्सेल पुरतं. उगाच मॉडेलचा घाट घालू नका. अडचण जुन्या शहरात येते, कारण मॅनिंग लावताना आपण गपचूप धरून चालतो की पाण्याचा पृष्ठभाग पाइपच्या उताराला समांतर आहे. ३०० मिमीचा पाइप घ्या, उतार १:२००, मॅनिंगचा एन (पाइपच्या आतल्या खडबडीतपणाचा आकडा) ०.०१३, तर पूर्ण भरून साधारण ६८ लिटर प्रति सेकंद निघतात. आता हाच पाइप ५० मीटर लांब आहे, म्हणजे दोन टोकांत फक्त २५ सेंमीचा फरक. जोराच्या पावसात पाइप तुडुंब भरला, वरच्या मॅनहोलमध्ये पाणी चढलं आणि दोन मॅनहोलमधल्या पाण्याच्या लेव्हलचा फरक १ मीटर झाला, की पाण्याचा उतार चौपट आणि फ्लो दुप्पट, त्याच पाइपमधून १३५ च्या पुढे जातात. आणि उलट, खालचा मॅनहोल पाण्याने वर आलेला असेल तर ६८ सोडा, ३० सुद्धा जाणार नाहीत. एक्सेलची शीट दोन्ही वेळेला ६८ च सांगते. म्हणजे पाइपची कपॅसिटी ही एकट्या पाइपची गोष्टच नसते, त्याच्या वर आणि खाली काय चाललंय त्यावर ती ठरते, आणि सगळ्या शहरात हे एकाच वेळी चाललेलं असतं.

मॉडेल हेच सोडवतं. सेंट व्हेनांटची दोन समीकरणं १८७१ सालची, एक वस्तुमानाचं आणि एक संवेगाचं, ती हजारो पाइपांसाठी दर काही सेकंदांनी सोडवायची. कागदावर ते शक्य नव्हतं म्हणून शंभर वर्षं ती पुस्तकातच राहिली, अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं स्वम (SWMM) हे सॉफ्टवेअर पहिल्यांदा १९७१ मध्ये आलं, ते आजही फुकट आहे आणि महागड्या सॉफ्टवेअरांच्या पोटातही मूळ गणित हेच असतं. एक गंमत सांगते. ही समीकरणं मोकळ्या पृष्ठभागाच्या पाण्याची आहेत, पाइप पूर्ण भरला की पृष्ठभागच उरत नाही, मग करायचं काय? तर बरीच सॉफ्टवेअरं पाइपच्या डोक्यावर एक अगदी बारीक काल्पनिक फट आहे असं धरतात, पाणी त्या फटीत चढतं, आणि जितकं चढलं तितका दाब. तिला प्राइसमन स्लॉट म्हणतात. मला पहिल्यांदा ही सरळ चलाखी वाटली होती, पण काम चोख करते.

पण सॉफ्टवेअर कुठलं यावर लोक जितका वाद घालतात तितका तो महत्त्वाचा नाही हो. मॉडेल मरतं ते मॅनहोलच्या लेव्हलवर. एका कामात आमचं मॉडेल कोरड्या दिवशी सकाळी ९ वाजता एका चौकात मॅनहोल ओसंडून दाखवत होतं आणि तिथले मेंटेनन्सवाले हसत होते की मॅडम तिथे आयुष्यात कधी पाणी आलं नाही. मी आधी लोकसंख्या तपासली, मग पीक फॅक्टर, मग रफनेस, म्हणजे तोच एन, कमीजास्त करून बघितला (हे कधी करू नका, आकडा जुळेपर्यंत एन फिरवणं म्हणजे आजार लपवणं आहे). शेवटी कळलं की शहराच्या दोन भागांचा सर्व्हे वेगवेगळ्या वर्षी झाला होता, बेंचमार्क (उंची मोजायचे आधारबिंदू) वेगळे, आणि दोघांत ४० सेंमीचा फरक. वर म्हटलं तसं ५० मीटरच्या पाइपला उतार २५ सेंमीचा, म्हणजे सीमेवरचे सगळे पाइप मॉडेलमध्ये १५ सेंमी उलटे चढत होते. दोन आठवडे गेले त्यात. म्हणून आता पहिल्या दिवशी मी प्रत्येक लाइनचा लाँगसेक्शन (लांबीभरचा उभा छेद) काढून नुसता डोळ्यांनी बघते. उलटा उतार, मध्येच लहान होणारा व्यास, जमिनीच्या वर निघालेला पाइप, हे सगळं तासाभरात दिसतं.

दुसरी मोठी गोष्ट पाऊस. सांडपाण्याची लाइन वेगळी आणि पावसाची वेगळी असं नकाशावर असतं, जमिनीखाली नसतं. फुटके जॉइंट, मॅनहोलची झाकणं, कुणीतरी गच्चीचा पाइप मलवाहिनीला जोडून दिलेला, त्यातून पाणी शिरतंच. हिशोब करून बघा, १०० हेक्टरचा भाग, त्यावर २० मिमी पाऊस, म्हणजे २०,००० घनमीटर. त्यातलं फक्त ५ टक्के लाइनीत घुसलं तरी १,००० घनमीटर. तिथे १०,००० माणसं राहतात आणि माणशी १५० लिटर सांडपाणी धरलं तर दिवसभराचं सांडपाणी १,५०० घनमीटर, आणि हे १,००० त्यावर काही तासांत येऊन आदळतात. लोकसंख्या गुणिले दरडोई करत बसलेल्या शीटमध्ये हे कुठेच नाही. मॉडेलमध्ये यासाठी आरटीके नावाची पद्धत वापरतात, पावसाचा किती हिस्सा आत शिरतो, किती वेळात पीकला जातो आणि किती वेळ रेंगाळतो असे तीन आकडे, आणि असे तीन त्रिकोण एकावर एक, एक झटपट येणाऱ्या पाण्याचा, एक मधला, एक जमिनीतून दिवसभर झिरपत राहणाऱ्याचा.

हे आकडे पुस्तकातून घेता येत नाहीत, मोजावेच लागतात. लाइनीत फ्लो मीटर टाकायचे, जवळ रेनगेज, आणि निदान पाच-सहा आठवडे थांबायचं, त्यात तीन तरी बरे पाऊस पडायला हवेत. मीटरच्या सेन्सरवर चिंध्या अडकतात, बॅटरी जाते, आणि नेमका मोठ्या पावसाच्या रात्रीचा डेटा गायब असतो हे गृहीतच धरा. डेटा आला की आधी खोली विरुद्ध वेग असा ग्राफ काढा. ठिपके एका वळणावर छान बसले तर लाइन मोकळी आहे, खोली वाढतेय आणि वेग पडतोय असं दिसलं तर खालून पाणी तुंबतंय, आणि तो मीटर तुम्हाला खालच्या अडथळ्याची खबर देतोय. मला तर कधीकधी या एका ग्राफमधून अख्ख्या मॉडेलपेक्षा जास्त कळलंय. मग मॉडेल जुळवायचं. ब्रिटनच्या प्रॅक्टिसमध्ये पावसाच्या घटनेसाठी पीक फ्लो मोजलेल्यापेक्षा २५ टक्के जास्त ते १५ टक्के कमी इतक्यात आणि एकूण पाणी २० टक्के जास्त ते १० टक्के कमी इतक्यात बसलं तर मॉडेल चालेल म्हणतात. म्हणजे बघा, आजच्या दिवसाचं, समोर मोजलेलं पाणीसुद्धा आपण एवढ्या फरकाने पास करतो. त्यामुळे ३० वर्षांनंतरचा आकडा कुणी रिपोर्टात दशांश चिन्हासकट छापला की मला हसू येतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, ३० वर्षांनंतरचं कुणाला माहीत. बरोबर, कुणालाच नाही, आणि मॉडेलला ते विचारायचंही नसतं. मॉडेलला विचारायचं की ही सिस्टीम कुठे आधी गळपटते आणि त्यानंतर कुठे. लोकसंख्या कमी वाढली, मध्यम वाढली, भरपूर वाढली, पूर्वेला वाढली, पश्चिमेला वाढली, पाऊस आहे तसा राहिला, जोर वाढला, असे सगळे रन करायचे आणि मग सगळ्या निकालांत कुठला पाइप पुन्हा पुन्हा लाल होतो, म्हणजे पाण्याला अपुरा पडतो, ते बघायचं. जो प्रत्येक रनमध्ये लाल आहे तो आत्ताच बदला, त्यावर चर्चा नको. जो फक्त एकाच रनमध्ये लाल होतो तिथे बांधकाम नको, तिथे कायमचा मीटर बसवा आणि फ्लो अमुक इतका झाला की डिझाइन हातात घ्यायचं असं लिहून ठेवा. लोकसंख्या एकूण किती यापेक्षा ती कुठे येणार हे कितीतरी जास्त महत्त्वाचं असतं, एकूण आकडा अगदी बरोबर आला आणि उंच इमारती भलत्याच टोकाला उभ्या राहिल्या तर प्लॅन गेला पाण्यात. आणि हो, भागाभागाचे पीक सरळ बेरजेने जोडू नका, हार्मनच्या सूत्राने १,००० माणसांचा पीक फॅक्टर ३.८ येतो आणि १ लाखाचा २, कारण सगळे एकाच मिनिटाला नळ सोडत नाहीत आणि लांबच्या भागाचं पाणी पोहोचायलाही वेळ लागतो.

यावर लोक म्हणतात मग मोठाच पाइप टाका ना, व्यास दीडपट केला की कपॅसिटी जवळपास तिप्पट होते आणि खोदाई तर तेवढीच. हे गणित बरोबर आहे, आणि पाइप एकदा पुरला की दोन-तीन पिढ्या तिथेच राहतो, पंपासारखा १५-२० वर्षांत बदलता येत नाही, म्हणून पाइपच्या बाबतीत थोडा हात सैल सोडावा हे मलाही पटतं. पण ३० वर्षांनंतरच्या फ्लोसाठी टाकलेल्या पाइपमध्ये पहिली दहा वर्षं पाणी तळाशी ओघळत राहतं, दिवसातून एकदा तरी ०.६ मीटर प्रति सेकंदाचा वेग मिळाला नाही की गाळ बसतो, गाळ सडतो, हायड्रोजन सल्फाइड निघतो, आणि काँक्रीटच्या पाइपचं छत आतून खायला लागतो. लंडनचा इंजिनिअर बॅझलजेट याचं उदाहरण इथे हमखास येतं की त्याने १८५९ ते १८७५ मध्ये भरपूर मोठ्या लाइनी बांधल्या आणि त्या आजही चालू आहेत. खरंय, पण त्यातल्या कितीतरी लाइनी अंड्याच्या आकाराच्या आहेत, टोक खाली, म्हणजे पाणी थोडं असलं तरी ते अरुंद तळातून वेगात जावं, याची काळजी तेव्हाही घेतली होती. आणि एवढं करूनही पावसाचं पाणी मिसळून नदीत ओसंडायचं ते ओसंडतच राहिलं, त्यासाठी त्यांना आता ७.२ मीटर व्यासाचा २५ किलोमीटरचा नवा बोगदा खणावा लागला. तर सांगायचं हे की मॉडेल जास्तीत जास्त फ्लोला चालवता तसंच पहिल्या वर्षाच्या कमीत कमी फ्लोलाही चालवा. पाणी वाचवणारे नळ आणि फ्लश आले की हा आकडा आणखी खाली जातो.

अजून एक, हे मी सगळ्यात जास्त वेळा बघितलंय. एका गल्लीत पाणी वर येतं, ४५० चा पाइप अरुंद आहे, ६०० टाकला, गल्ली कोरडी. आणि मग पुढच्या मोठ्या पावसात तीन चौक खाली, जिथे आजपर्यंत कधी काही झालं नव्हतं, तिथल्या तळघरात पाणी. तो अरुंद पाइप इतकी वर्षं वरचं पाणी अडवून खालच्यांना सांभाळत होता. एक्सेलमध्ये प्रत्येक ओळ वेगळी असल्यामुळे हे कधीच दिसत नाही, मॉडेलमध्ये पहिल्याच रनला दिसतं, आणि मग पाइप मोठा करायचा, की मध्ये साठवण टाकी करायची, की वरच्या भागातले गच्चीचे जोड आधी तोडायचे, ही खरी चर्चा सुरू होते.

सुरुवात करायची असेल तर स्वम उतरवून घ्या, दहा मॅनहोलची एकच लाइन काढा, किनेमॅटिक वेव्ह न निवडता डायनॅमिक वेव्ह निवडा (किनेमॅटिकला मागे तुंबणारं पाणी कळतच नाही), आउटफॉल (लाइन जिथे बाहेर पडते ते शेवटचं टोक) मोकळा ठेवून एकदा चालवा. मग आउटफॉलची पाण्याची लेव्हल १ मीटर वर करा आणि पुन्हा चालवा. प्रोफाइलचं चित्र उघडून पाणी कितव्या मॅनहोलपर्यंत मागे सरकलं ते बघा, आणि तेच दहा पाइप तुमच्या शीटमध्ये घालून दोन्हींचे आकडे शेजारी ठेवा. रिपोर्टमध्ये कंटिन्युटी एरर (आत गेलेलं आणि बाहेर आलेलं पाणी यांच्या हिशोबातली तफावत) येतो, तो दोन-चार टक्क्यांच्या वर गेला तर टाइम स्टेप (दर किती सेकंदांनी गणित सोडवायचं ते अंतर) कमी करा, निकालाकडे तोपर्यंत बघूही नका.

आणि उद्या ऑफिसला गेलात की सिनियरना एवढं विचारून घ्या की फ्लो मीटर पावसाच्या दिवसांत लागणार आहेत का. ते संपल्यावर लावायचं ठरलं असेल तर वर्षभर फक्त कोरड्या दिवसांचं मॉडेल घेऊन बसाल.