सहावीची पहिली पालकसभा: अभ्यासक्रम शेतीच्या कामांना जोडून सांगा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: यवतमाळ जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळेत यंदा पहिल्यांदाच सहावीचा वर्ग मिळाला आहे. पालक बहुतेक शेतमजूर किंवा दोन-चार एकरांचे शेतकरी. पहिल्या सभेत त्यांना वर्षभराचा अभ्यासक्रम आणि शाळेच्या अपेक्षा कशा समजावून सांगायच्या?

मी शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, अशाच एका गावात, उच्च प्राथमिक वर्गांना शिकवते. पुस्तकाची अनुक्रमणिका सभेत वाचून दाखवू नका, एवढं आधी सांगते. कोणता धडा शेतातल्या कोणत्या कामाच्या दिवसांत येतो, ते सांगा. आपल्या भागात सहावीचं लेकरू मागे पडतं ते बहुतेक याच ठिकाणी.

गणिताचंच पुस्तक घ्या. त्याचे दोन विभाग आहेत. पहिल्या विभागात भूमितीचे मूलभूत संबोध, कोन, पूर्णांक संख्या, अपूर्णांक, दशांश, स्तंभालेख, सममिती, विभाज्यता, मसावि-लसावि. दुसऱ्यात समीकरणं, गुणोत्तर-प्रमाण, शतमान, नफा-तोटा, बँक व सरळव्याज, मग त्रिकोण, चौकोन, भौमितिक रचना आणि त्रिमितीय आकार. दुसरा विभाग उघडतो दिवाळीच्या सुट्टीनंतर, आणि आपल्याकडे सीतादही (वेचणीच्या सुरुवातीची पूजा) होऊन कापसाची वेचणी जोरात सुरू असते ती त्याच दिवसांत. अकरा-बारा वर्षांचं पोर हाताशी आलेलं असतं, मजूर मिळत नाही, किलोच्या भावाने वेचणी द्यावी लागते. मग पोरगं दोन दिवस शेतात, एक दिवस शाळेत. नेमकं त्याच महिन्यात वर्गात गुणोत्तर आणि शतमान चाललेलं असतं, आणि ते हुकलं की नफा-तोटा आणि व्याज काहीच उमगत नाही. सातवी-आठवीत हेच पुढे वाढत जातं.

हे वेचणी सुरू झाल्यावर घरी जाऊन सांगितलं तर तक्रार वाटते. जुलैच्या सभेत सांगितलं तर घरचे त्या हिशेबाने सोय लावतात. म्हणून मी ड्रॉइंगच्या मोठ्या कागदावर वर्षाचा तक्ता करते. वरच्या ओळीत शेतीची कामं: पेरणी, निंदण-डवरण, पोळा, सोयाबीनची सोंगणी, कापूस, तूर, हरभरा, मग उन्हाळ्याची सकाळची शाळा. खालच्या ओळीत त्या-त्या वेळी चालू असणारे धडे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी वरच्या ओळीत चित्रं, आणि ती मुलांनीच काढायची. दिवाळी ते संक्रांतीचा चौकोन लाल खडूने रंगवलेला. सभेत बोट ठेवून एवढंच म्हणायचं की या दिवसांत लेकराला शाळेतून ओढू नका, बाकी वर्षात एखादा दिवस गेला तर भरून काढू. "एकही दिवस बुडवू नका" असं सरसकट म्हटलं तर कुणी ऐकत नाही, कारण ते पाळता येण्यासारखं नसतं. एका ठरावीक काळासाठी मागितलं तर बरेच जण देतात.

दुसरी गोष्ट, सहावीत नवीन काय आहे ते स्पष्ट सांगा. पाचवीपर्यंत परिसर अभ्यासाची पुस्तकं होती. सहावीत त्यांच्या जागी सामान्य विज्ञान, इतिहास व नागरिकशास्त्र आणि भूगोल अशी तीन वेगळी पुस्तकं येतात. मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित धरून सात. सातही पुस्तकं सभेत सतरंजीवर मांडून ठेवा आणि पालकांच्या हातात द्या. नुसती पानं उलटली तरी फरक पडतो, कारण आतल्या अर्ध्या गोष्टी त्यांच्या रोजच्या आहेत. विज्ञानात साधी यंत्रं आहेत: तरफ, कप्पी, उतरण. घरची सब्बल आणि विहिरीची कप्पी म्हणजे तेच. आपत्ती व्यवस्थापनाच्या धड्यात प्रथमोपचार आहेत. साप चावला तर वेळ न दवडता सरकारी दवाखान्यात न्यायचं, हे सहावीचं लेकरू घरात सांगू शकतं, आणि आपल्या शिवारात ते कधी कामी पडेल याचा नेम नाही. नागरिकशास्त्रात ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला लेकराला सोबत न्या असं मी आयांना सांगते. त्या निमित्ताने त्या स्वतःही जातात.

इतिहासात प्राचीन भारत आहे. इथे जरा थांबाच, कारण विदर्भाचा पालक अभिमानाने ऐकतो असा हा भाग आहे. वाकाटकांची एक शाखा रामटेकजवळच्या नंदिवर्धनहून राज्य करत होती, दुसरी वत्सगुल्म म्हणजे आजच्या वाशीमहून. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता इथे सून म्हणून आली आणि नवरा दुसरा रुद्रसेन वारल्यावर तिने मुलांच्या वतीने कारभार पाहिला. वत्सगुल्म शाखेच्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं १६ क्रमांकाचं लेणं करवून घेतलं. रामटेकच्या यात्रेला जाऊन आलेले पालक सभेत असतातच. त्यांना सांगा, पुढच्या वेळी जाल तेव्हा पोरीलाच विचारा इथे कोण राज्य करत होतं.

आता सभेतला सगळ्यात उपयोगाचा भाग. पालकांची ठरलेली सुरुवात असते: "मॅडम, आमाले काय समजते त्या पुस्तकातलं? तुमीच पाहा." त्यावर भाषण देऊ नका. फळ्यावर काही न लिहिता विचारा, "पाऊण किलो कापूस आणि अर्धा किलो कापूस, किती झाला?" मागच्या रांगेतून एखादी बाई प्रश्न पुरता व्हायच्या आत "सव्वा किलो" म्हणते. मग फळ्यावर ३/४ + १/२ लिहा. छेद वेगळे आहेत, म्हणून १/२ चे २/४ करायचे, ३/४ आणि २/४ मिळून ५/४, म्हणजे एक पूर्णांक एक चतुर्थांश. तुमची पोरगी सहावीत हेच शिकते आणि तुम्ही ते तोंडी केलं, असं त्या बाईकडे पाहून सांगा. आमच्याकडे एका आईने घरी जाऊन पोराला रोज तोंडी विचारायला सुरुवात केली: पाव आणि पाऊण किती, दीडमधून पाऊण गेला तर काय उरलं. त्या पोराचे अपूर्णांक वर्गात सगळ्यांत पक्के झाले. घरच्या माणसाला आपल्याला काही येतं असं वाटलं की तो लेकराजवळ बसतो. त्याआधी कितीही "अभ्यास घ्या" म्हटलं तरी तो बसत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही.

सरळव्याजाचंही असंच दाखवता येतं. समजा दहा हजार घेतले. बँकेचा दर वर्षाला ७ टक्के धरला तर वर्षाचं व्याज ७०० रुपये. खाजगीत शेकडा ३ रुपये महिन्याने घेतले तर महिन्याला ३०० आणि वर्षाला ३,६००. हे गणित पोरांना फळ्यावर करू द्या, पालकांसमोर. सभागृह एकदम शांत होतं. पण सावकार कोण, हे कुणाच्या तोंडून निघू देऊ नका. गावात सगळ्यांना ते घर माहीत असतं, आणि त्या घरचं लेकरूही तुमच्याच वर्गात बसलेलं असू शकतं.

मग प्रश्न येतो, "सहावीत नापास करते का?" खरं ते सांगा. राज्यात नापास करण्याची तरतूद २०२३ पासून पाचवी आणि आठवीच्या वार्षिक परीक्षेला आहे. तिथे आधी पुनर्परीक्षा होते आणि त्यातही जमलं नाही तर त्याच वर्गात बसावं लागतं. सहावीचं लेकरू सातवीत जाणारच. ऐकून पालक निश्चिंत होतात आणि धोका तिथेच आहे, कारण सहावी-सातवीत राहिलेलं दोन वर्षं झाकून राहतं आणि आठवीत एकदम उघडं पडतं. म्हणून प्रगतिपुस्तकातल्या श्रेणीपेक्षा वही बघायला सांगा. सहावीला आकारिक म्हणजे वर्षभराच्या कामाच्या मूल्यमापनाला निम्मा भार आहे, संकलित म्हणजे सत्राच्या शेवटच्या परीक्षेला निम्मा. तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय हे सगळं वर्गात रोज होत असतं. रोज न येणाऱ्याचे गुण तिथेच जातात, मग शेवटचा पेपर कितीही चांगला लिहो.

अपेक्षा फार ठेवू नका. मी दोनच ठेवते. एक वर सांगितली, लाल चौकोनातली हजेरी. दुसरी अशी: रात्री जेवणं झाल्यावर लेकराने कोणत्याही पुस्तकातलं एक पान मोठ्याने वाचायचं आणि घरच्यांनी ऐकायचं. वाचता न येणाऱ्या आईलाही कळतं की पोरगं कुठे अडखळतं, कुठे थांबतं, कुठे अंदाजाने पुढे जातं. अडखळणं फार वाटलं तर शाळेत येऊन किंवा रस्त्यात भेटल्यावर मला सांगायचं. सहावीत येऊनही सलग वाचता न येणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात, आणि पहिली खबर मला बहुतेक घरूनच मिळाली आहे. वह्या, कंपासपेटी यांची यादी तोंडीच सांगा. महागडी कंपासपेटी घेऊ नका हेही सांगा. कोन दुभागायला कंपास पहिल्या विभागातच लागतो, पण त्याला साधी पेटी पुरते.

मुलींबद्दल वेगळं बोलावं लागतं. सहावी हे वय असं की आई शेतात गेली की धाकट्याला सांभाळायला पोरगी घरी राहते, आणि हजेरीपटावर ते "आजारी" म्हणून येतं. याच वर्षी पाळीही सुरू होऊ शकते. आयांना सभेनंतर अर्धा तास थांबवा. तुम्ही पुरुष शिक्षक असाल तर ते बोलणं शाळेतल्या बाईंवर किंवा आशाताईंवर सोपवा. धाकट्या भावंडाला अंगणवाडीत ठेवता येईल का, हे तिथल्या तिथे अंगणवाडीताईंना विचारून ठरवलं तर पोरीची शाळा वाचते.

वेळ-ठिकाणाचं पटकन सांगते. दुपारी बारा वाजताच्या सभेला मजूर पालक येऊ शकत नाही, त्याची मजुरी बुडते. बाजाराच्या दिवशी बरेच जण शेतात जात नाहीत, त्या सकाळी किंवा कोणत्याही दिवशी दिवेलागणीनंतर ठेवा. निरोप लिहून पाठवण्याऐवजी व्हॉट्सअ‍ॅपवर तुमच्या आवाजात पाठवा, वाचता न येणाऱ्यालाही पोचतो. खुर्च्या मांडू नका, सगळे सतरंजीवर, तुम्हीही. वर्गात कोलाम किंवा गोंड मुलं असतील तर त्यांच्या पोडावर किंवा वस्तीवर वेगळी सभा घ्या आणि त्यांची भाषा बोलणारं कुणीतरी सोबत न्या. आणि कुणी म्हणालं की हे सगळं जादा काम आहे, तर पालकांना नियमित भेटून लेकराची हजेरी आणि प्रगती सांगणं हे शिक्षण हक्क कायदा, २००९ मध्येच शिक्षकाचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे.

जे येणार नाहीत त्यांच्या घरी संध्याकाळी जा, लेकराची वही घेऊन. दहा मिनिटं पुरतात. तुमच्या जिल्ह्यात पुसद, उमरखेड, महागाव भागातून दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणारी कुटुंबं आहेत, त्यामुळे एक प्रश्न मात्र प्रत्येक घरी जुलैतच विचारून ठेवा: दसऱ्यानंतर बाहेरगावी जाणार का? उत्तर "हो" आलं तर लेकरू आजी-आजोबांजवळ राहील का ते तिथेच बोलून घ्या. तशी मुलं जास्त असतील तर हंगामी वसतिगृहासाठी शाळा व्यवस्थापन समितीला वेळेत हालचाल करता येते. आणि सोबत न्यायचंच ठरलं, तर निघण्याआधी शिक्षण हमी कार्ड त्यांच्या हातात द्या, त्यावर तोवर काय शिकून झालं ते लिहून, म्हणजे तिथल्या शाळेला कुठून सुरू करायचं ते कळेल.