'कॉल ऑफ द वाइल्ड'मधला बक खरंच टिकला असता का?

तुम्ही मुख्यतः दोन गोष्टी विचारल्यात. जॅक लंडनच्या 'कॉल ऑफ द वाइल्ड' या कादंबरीतला, कॅलिफोर्नियात जज्जच्या बंगल्यावर लाडात वाढलेला बक हा कुत्रा कॅनडातल्या क्लोंडाइकच्या थंडीत स्लेज (बर्फावरून घसरणारी गाडी) ओढत जगतो हे पटण्यासारखं आहे का, आणि असा कुत्रा आपल्या कोयना-चांदोलीच्या जंगलात टिकेल का. पहिल्याचं उत्तर बऱ्याच अंशी हो. दुसऱ्याचं नाही.

जॅक लंडन १८९७ मध्ये सोन्याच्या शोधात स्वतः तिकडे गेला होता. कादंबरी आली १९०३ मध्ये. बकचं पात्र त्याला सुचलं ते तिथल्या डॉसन गावात पाहिलेल्या एका कुत्र्यावरून. बकचा बाप सेंट बर्नार्ड, आई स्कॉच शेफर्ड, वजन १४० पौंड, म्हणजे साधारण ६३ किलो. अंगावर दाट केस असल्यामुळे नुसत्या थंडीने तो मरणार नाही. बर्फात खड्डा करून आत मुटकुळं करून झोपायचं, अंगाच्या उबेने ती जागा गरम होते, हे तो पहिल्याच रात्री बाकीच्या कुत्र्यांकडून शिकतो.

त्याचे खरे हाल होतात ते पोटाचे आणि पायांचे. बकला रोज दीड पौंड वाळवलेला सामन मासा मिळतो, इतरांना एकच पौंड. तरी उपाशी राहतो तो बकच, कारण बाकीचे वजनाने हलके आणि त्याच जगण्यात जन्मलेले. त्याचे तळवेही मऊ. स्लेज हाकणारा फ्रांस्वा रोज रात्री अर्धा तास त्याचे पाय चोळतो आणि स्वतःच्या बुटांचा वरचा भाग कापून त्याला चार बूट शिवून देतो. एका सकाळी तो बूट घालायला विसरतो, तर बक उताणा पडून चारही पाय हवेत हलवत राहतो, हलायला तयार नाही. पुढे तळवे घट्ट होतात आणि बूट टाकून देतात. शरीर असंच हळूहळू तयार होतं, म्हणून मला हे वर्णन विश्वासार्ह वाटतं.

पाचवं प्रकरण सावकाश वाचा. बकचा नंतरचा अननुभवी मालक हॅल एकाच स्लेजला १४ कुत्री जुंपतो. १४ कुत्र्यांचं खाणं एका स्लेजवर मावतच नाही, हा साधा हिशोब त्याला कळत नाही. त्यात सुरुवातीला तो रोजचं खाणं दुप्पट करतो. पाव वाट सरते तेव्हा निम्मा शिधा संपलेला असतो. मग खाणं कमी करता येतं, पण कुत्र्यांचा वेग काही वाढवता येत नाही. बाहेरून आणलेली कुत्री आधी मरतात. हॅल येण्याआधीच बक १४० वरून ११५ पौंडांवर आलेला असतो, नंतर तर नुसता सापळा उरतो.

बक एकटा हजार पौंड वजन ओढेल, या त्याच्या पुढच्या मालकाच्या, थॉर्नटनच्या, पैजेबद्दलही तुम्ही शंका घेतली आहे. ४५४ किलो पिठाची पोती, अंतर १०० यार्ड. उणे ५० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या थंडीत स्लेज दोन तास उभी असल्यामुळे खालच्या पट्ट्या बर्फाला चिकटून गोठलेल्या. खरा कस लागतो तो त्या सोडवायला. एकदा सुटल्या की घट्ट बर्फावर ओझं सरकवायला कमी जोर लागतो. थॉर्नटन बकला आधी उजवीकडे झटका मारायला लावतो, मग डावीकडे, आणि मगच सरळ ओढायला. कारखान्याच्या रस्त्यावर उसाची गाडी चिखलात रुतली की गाडीवान बैलांना आधी या अंगाला, मग त्या अंगाला वळवून चाक सोडवतो, तीच युक्ती.

शेवटच्या प्रकरणात मात्र दंतकथा सुरू होते. यीहॅट ही टोळी लेखकाच्या कल्पनेतली आहे, आणि एकट्या कुत्र्याने चार दिवस पाठलाग करून धिप्पाड मूस (उत्तरेकडचं मोठं हरीण) पाडणं अवघडच. लांडग्यांशी त्याची जोडी जमणं तेवढं खरं, कारण कुत्रा आणि लांडगा यांची पिल्लं होतात.

आपल्याकडे ते दारही बंद. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात, म्हणजे कोयना आणि चांदोलीच्या रानात, कळपाने शिकार करतो तो कोळसुंदा, म्हणजे रानकुत्रा. दिसायला कुत्र्यासारखा असला तरी प्रजाती वेगळी, कुत्र्याशी त्याचा संकर होत नाही. एकट्या पाळीव कुत्र्याला तो कळपात घेणार नाही, आणि बिबट्याला तर कुत्रा ही सोपी शिकार. दाट केसांच्या कुत्र्याला उन्हाळा आणि पावसाळ्यातल्या गोचिडी वेगळ्याच. नको झालेला कुत्रा कुणी पाटण किंवा शिराळ्याच्या बाजूला रानात सोडायचं म्हणत असेल, तर त्याला थांबवा. कुत्रा तर मरेलच, पण मरण्याआधी डिस्टेंपर (कुत्र्यांचा विषाणूजन्य आजार) किंवा रेबीज कोळसुंद्यांच्या कळपात पसरवू शकतो.