गृहकर्जाचे तीन हप्ते थकले, आता घर जाईल का?

"मॅडम, बँक घराला कुलूप लावेल का हो?" हप्ते थकलेली बहुतेक कुटुंबं आमच्याकडे सल्ल्यासाठी हाच प्रश्न घेऊन येतात. इथे सांगितलेल्या दांपत्याचाही तोच होता. ओळख पटू नये म्हणून त्यांचे तपशील बदलले आहेत, हिशेब मात्र अशा घरांमध्ये दिसतो तसाच आहे.

नवरा कारखान्यात, बायको घरी शिवणकाम करते. ओव्हरटाइम बंद झाला आणि हातात येणारा पगार 58,000 वरून 46,000 वर आला. शिवणाचे साधारण 6,000, म्हणजे एकूण 52,000. गृहकर्जाचा हप्ता 19,600, पर्सनल लोन 6,200, क्रेडिट कार्डाची किमान रक्कम 3,600, सोसायटीचा मेंटेनन्स 2,800, वीजबिल 1,500 आणि मुलीसाठी सुरू असलेली आवर्ती ठेव 3,000. हे 36,700 गेल्यावर उरतात 15,300. किराणा, शाळा आणि प्रवासाला लागायचे 23,000. दरमहा 7,700 कमी.

ही तूट आधी मेंटेनन्सवर पडली, कारण सोसायटीचा सेक्रेटरी फोन करून छळत नाही. 11 महिन्यांत 30,800 साचले. मग वीजबिल एकाआड एक महिना भरलं जाऊ लागलं आणि किराणा कार्डावर गेला. शेवटी गृहकर्जाचा हप्ता बाउन्स झाला, तो तारखेपायी. हप्ता 5 तारखेला कापला जायचा, पगार 7 ला यायचा. पूर्वी मागच्या महिन्याची शिल्लक खात्यात असायची, आता 5 ला खातं रिकामं. 7 ला पैसे आले की 8 ला पर्सनल लोन आणि 10 ला कार्ड ते उचलून नेत. बाउन्सचा दंड दोन्हीकडून लागत होता, गृहकर्जाच्या बँकेचा वेगळा आणि पगाराचं खातं असलेल्या बँकेचा वेगळा. मेसेज नवऱ्याच्या मोबाइलवर यायचे, बायकोला पत्ता नव्हता.

जो जास्त तगादा लावतो त्याला आधी पैसे दिले जातात, आणि घर अडचणीत येतं ते यामुळेच. कार्ड आणि पर्सनल लोन सहसा विनातारण असतात, म्हणून त्यांचे फोन जास्त. गृहकर्ज घरावरच उभं आहे, तरी सुरुवातीला तिथून फारसा आवाज येत नाही.

आता कुलुपाचं. तीन हप्ते चुकले म्हणून कोणी दुसऱ्या दिवशी दारात येत नाही. सर्वात जुना हप्ता थकून 90 दिवसांपेक्षा जास्त झाले की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या हिशेबी थकीत कर्ज, होतं. त्यानंतर बँक 2002 च्या सरफेसी कायद्याच्या (तारण मालमत्तेतून कर्ज वसूल करण्याचा कायदा) कलम 13(2) खाली 60 दिवसांची नोटीस देते. तिच्यावर लेखी हरकत घेता येते आणि बँकेला 15 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मग कलम 13(4) खाली ताबा. त्याविरुद्ध 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं. लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंत सगळी देणी भरून घर सोडवता येतं. मुदती पुरेशा आहेत, पण नोटीस न उघडता कपाटात ठेवली तर त्या तशाच संपतात.

हे दोघं 7 ऑगस्टला आले. जून, जुलै, ऑगस्ट असे तीन हप्ते बाकी, जूनचा थकून 63 दिवस झालेले. ही वेळ फार मोलाची. एनपीए होण्याआधी जुना हप्ता भरला की थकलेले दिवस मागे येतात. एनपीए झाल्यावर एखाददुसरा हप्ता भरून भागत नाही, सगळी थकबाकी फेडल्याशिवाय खातं पुन्हा नियमित धरलं जात नाही.

आवर्ती ठेव मोडायला बायको तयार नव्हती. मुलीचे पैसे म्हटल्यावर कोणाचंही मन घट्ट होतं. पण घराचा हप्ता थकत असताना ठेव चालू ठेवणं महागात पडतं, हे आकडे शेजारी मांडल्यावर तिनेच आधी मान्य केलं. 14 महिन्यांचे 42,000 आणि थोडं व्याज. जून-जुलैचे 39,200 त्यातून भरले, उरलेले दंडाला गेले. ऑगस्टचा हप्ता पगारातून त्याच दिवशी. भरताना रक्कम आधी दंडात वळती होणार की हप्त्यात, हे विचारून पावतीवर लिहून घ्यावं. 2024 पासून बँकांना दंडावर व्याज चढवता येत नाही, स्टेटमेंटमध्ये तसं दिसलं तर लेखी विचारावं.

त्याच आठवड्यात बँकेला अर्ज दिला: हप्त्याची तारीख 5 ऐवजी 10 करावी. सोबत आधीच्या आणि आताच्या पगाराच्या स्लिपा आणि सहा महिन्यांचं स्टेटमेंट. पोच म्हणून प्रतीवर शिक्का घ्यावा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करताना ही प्रत लागते. हप्ता कमी करून मुदत वाढवणं आम्ही इथे सुचवलं नाही. अडचणीमुळे केलेली अशी पुनर्रचना क्रेडिट अहवालात नोंदली जाते आणि पुढचं कर्ज अवघड होतं. दुसरा मार्गच नसेल तेव्हाच ती मागावी.

कार्डाची बाकी 72,000. महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज 2,520, त्यावर जीएसटी, म्हणजे जवळपास 2,975. किमान 3,600 भरून मुद्दल कमी होत होतं अवघं सव्वासहाशेने. शिवाय बाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, म्हणून कार्डावरचा किराणा पहिल्या दिवसापासून व्याजात. कार्ड बंद ठेवून या बाकी रकमेचे 36 मासिक हप्ते पाडून घेतले. वार्षिक 18 टक्के दराने महिना साधारण 2,600.

वीज तोडण्याआधी 15 पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, वीज कायद्याचं कलम 56. या दोघांनी नोटिशीची वाट न पाहता वीज कंपनीच्या उपविभागीय कार्यालयात जाऊन थकलेल्या बिलाचे हप्ते पाडून मागितले. सोसायटी समितीला पत्र दिलं: चालू 2,800 नियमित आणि थकबाकीपोटी दरमहा 2,000. बाकीवर उपविधींनुसार व्याज लागतं, आणि समिती सहकारी संस्थांच्या निबंधकाकडून वसुलीचा दाखलाही मिळवू शकते. लेखी वायदा आणि त्याप्रमाणे पैसे आले तर बहुतेक समित्या थांबतात.

वसुलीवाल्यांचे फोन रात्री साडेआठलाही यायचे. सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर त्यांना फोन करता येत नाही. वेळ आणि नंबर वहीत टिपून बँकेला ईमेल केला. आता सगळ्या देण्यांची ती वही बायकोकडे असते.

सगळं बसवून घरखर्चाला साधारण 17,300 उरतात, त्यातूनच विजेच्या बाकीचा हप्ताही जातो. ओढाताण आहेच, पण पर्सनल लोनचे पाचच हप्ते बाकी आहेत. ते संपले की सुटणाऱ्या 6,200 पैकी 2,000 मेंटेनन्सच्या थकबाकीत वाढवायचे आणि 4,200 घराच्या हप्त्याच्या खात्यात पडू द्यायचे, एका हप्त्याएवढी शिल्लक साठेपर्यंत. आवर्ती ठेव त्यानंतर.