जाळीचं क्रोशे शिकताना आधी चौकोन जमवा

थेट मोराचं तोरण घेऊ नका. आधी 10 बाय 10 चौकोनांचा तुकडा विणा. दोरा 10 नंबरचा घ्या. नंबर वाढतो तसा दोरा बारीक होतो आणि नवख्या हाताला टाके दिसत नाहीत.

या विणीत दोनच प्रकारची घरं, म्हणजे चौकोन, आहेत. रिकामं घर म्हणजे खांब (सुईवर दोऱ्याचा एक वेढा घेऊन घातलेला उंच टाका), दोन साखळ्या (एकातून एक ओढलेले साधे फंदे), खांब. भरलेल्या घरात साखळ्यांच्या जागी दोन खांब येतात. शेजारच्या घरांचा मधला खांब सामाईक असतो, म्हणून हिशेब घरं गुणिले 3 अधिक 1. वीस घरांना 61 साखळ्या. पहिलं घर भरलेलं असेल तर आणखी 2 घालून सुईपासून चौथ्या साखळीत खांब घ्या. रिकामं असेल तर 4 घालून आठव्या साखळीत.

कडा मात्र जपा. ओळीचा शेवटचा खांब आधीच्या ओळीच्या सुरुवातीच्या तिसऱ्या साखळीतच घ्यायचा. तो सुटला की एक घर गळतं आणि नक्षी तिरकी जाते.

तुकडा मोजा. रुंदीपेक्षा उंची जास्त भरली तर खांब ओढताना फंदा थोडा आखूड ठेवा. आलेख, म्हणजे घरांचा नकाशा, उजवीकडून वाचायला सुरू करा, पुढची ओळ डावीकडून.

देवनागरी अक्षरं या विणीत फार देखणी येतात, कारण शिरोरेघ म्हणजे सरळ भरलेल्या घरांची ओळ. ‘सुस्वागतम्’ विणायचं तर ‘सु’च्या उकारासाठी आणि ‘म्’च्या मोडलेल्या पायासाठी खाली तीन-चार ओळी मोकळ्या सोडा. झाल्यावर ओलं करून, टाचण्यांनी ताणून वाळवा.