धिंगरीच्या बॅगा पांढऱ्याशुभ्र पण पिन नाही? आधी क्लॅम्प बघा

दादा, तुम्ही लिहिलंय की धिंगरीच्या (ऑयस्टर मशरूम) स्पोअर प्रिंटमधली, म्हणजे छत्रीतून कागदावर पडलेल्या बीजाणूंमधली, एक सुटी कॉलनी उचलून स्पॉन (पेंढ्यात पेरायचं बियाणं) केलं, बॅगा पांढऱ्याशुभ्र झाल्या पण पिन (मशरूमचे बारीक कोंब) येत नाही, आणि सगळे फवारा वाढवा म्हणतायत. नका वाढवू, बॅगा कुजतील. माझा अख्खा सीझन यातच गेलाय.

एका स्पोअरचं मायसेलियम (पांढऱ्या धाग्यांचं जाळं) म्हणजे एकाच प्रकारचं न्यूक्लियस (पेशीतलं केंद्रक). ते पेंढा खातं, पसरतं, पण जोडीदाराशिवाय सहसा मशरूम धरत नाही (क्वचित धरतं, पण त्यावर धंदा होत नाही). जुळणारी दोन भेटली की प्रत्येक पेशीत दोन न्यूक्लियस शेजारी-शेजारी राहतात, एक होतात ते थेट छत्रीखालच्या पात्यांवर, आणि लगेच विभागून ४ स्पोअर.

प्लेटच्या कडेचं चिमूटभर मायसेलियम स्लाइडवर घ्या, कॉटन ब्लू या निळ्या रंगाचा थेंब टाका, ४० च्या ऑब्जेक्टिव्हखाली बघा. धाग्यात जिथे आडवी भिंत आहे तिथे कपाच्या कानासारखा फुगवटा दिसला तर तो क्लॅम्प, म्हणजे जोडी जमलीय. बराच शोधूनही नसेल तर पिनची वाट बघू नका.

मी कल्चर विकत घेतलं होतं, ‘सिंगल स्पोअर, एकदम शुद्ध’ म्हणून. लॅबला फोन केला की ओलावा कमी, पेंढा जुना, हवा खेळत नाही, हेच. शेवटी प्लेट घेऊन गेलो, क्लॅम्प बघता का विचारलं, तर म्हणे तो आमचा विषय नाही, आणि मायक्रोस्कोप तिथेच टेबलावर कव्हर घालून! पैसे घेऊन कल्चर विकता आणि एक स्लाइड बघवत नाही? असल्यांकडून घेऊच नये, हे माझं स्पष्ट मत.

आता एकाच प्रिंटमधल्या दोन कॉलन्या जुळवायला गेलात तर साधारण चारात एक जमते, कारण ए आणि बी हे जोडी ठरवणारे दोन्ही फॅक्टर (जनुकं) वेगळे लागतात. त्यापेक्षा धिंगरीच्याच दुसऱ्या वाणाची सिंगल स्पोअर कॉलनी तुमच्या कॉलनीपासून दोन सेंमीवर ठेवा, भिडतील तिथला तुकडा घ्या. नुसतं पीकच हवं असेल तर ताज्या मशरूमच्या आतल्या गराचं टिश्यू कल्चर करा, त्यात जोडी आधीच असते.

हे बटण मशरूमला लावू नका हं. त्याच्या बहुतेक स्पोअरमध्ये दोन न्यूक्लियस आधीच असतात आणि क्लॅम्प नसतातच. आणि धिंगरी आली की शेडमध्ये मास्क लावूनच जा, स्पोअरने खोकला लागतो, छातीत भरतं.