जेंडर स्टडीज हे शास्त्र आहे का?

बीडहून एका वडिलांचं पत्र आहे. मुलगी समाजशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला जेंडर स्टडीजमध्ये, म्हणजे समाजातल्या स्त्री-पुरुष भेदाच्या अभ्यासात, एम.ए. करायचंय. ते विचारतात, "संशोधक तटस्थ हवा ना? हे लोक तर आधीच बायकांची बाजू घेऊन बसलेले. याला शास्त्र म्हणायचं? आणि पुढे नोकरीचं काय?"

नमस्कार. तुमच्याच जिल्ह्यातली गोष्ट घेऊ. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) कोयत्यावर, आणि ती बहुतेक वेळा नवऱ्याच्या हाती. संशोधकानं टोळीवर जाऊन फक्त कुटुंबप्रमुखाला गाठलं आणि आकडे चोख लिहून आणले, तरी मोळ्या वाहणारी आणि त्याआधी पहाटे भाकरी थापणारी बाई त्या तक्त्यात वेगळी दिसणारच नाही. याला तटस्थपणा कसं म्हणायचं? स्त्रीवादी पद्धत सांगते की तिला एकटीला भेटा, तिच्या सवडीनं भेटा, आणि विचारणारे आपण कोणत्या जातीचे, कोणत्या वर्गाचे, हेही अहवालात मांडा. पुराव्यात सूट कुणालाच नाही.

'बायकांची बाजू' तरी एकच कुठे आहे? उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना शोधून, त्यांच्या मुलाखती घेऊन १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' लिहिलं. कागदपत्रांत जे नव्हतं ते त्या बायकांच्या आठवणीत होतं. पुण्याच्या समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी पुढे दलित स्त्रियांच्या अनुभवातून ज्ञान कसं घडतं, याची नेटानं मांडणी केली. हे तुमच्या मुलीनं वाचावंच.

आकड्यांचंही वावडं नाही. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बाईचा त्यातला दिवसाचा सरासरी वेळ निघाला २९९ मिनिटं, पुरुषाचा ९७. बिनपगारी कामाचे तास मोजा, ही मागणी स्त्रीवादी अभ्यासकांनी वर्षानुवर्षं लावून धरली होती.

नोकरीचं स्पष्ट सांगतो: कॅम्पसवर कंपन्या येतील अशी आशा धरू नका. याला जोडूनच असलेल्या स्त्री अभ्यास या विषयात नेट (प्राध्यापकपदासाठीची पात्रता परीक्षा) देता येते, म्हणजे प्राध्यापकीची वाट आहे. त्याखेरीज स्वयंसेवी संस्था, महिला विकासाचे प्रकल्प, सर्वेक्षणं. तिथे मुलाखत घेणारे पुष्कळ भेटतात, मुलाखत आणि आकडेवारी दोन्ही जमणारे कमी. म्हणून संख्याशास्त्राचा एखादा कोर्स तिनं याच वर्षी करावा. एम.ए.साठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातलं स्त्री अभ्यास केंद्र आणि मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था आधी पाहा. प्रवेशपरीक्षेच्या तारखा मात्र आत्ताच तपासा, त्या निकालाची वाट पाहत नाहीत.