शब्दशंका : ‘शाम्पू’ मूळचा कुणाचा?

प्रश्न : ‘शाम्पू’ हा शब्द भारतातूनच इंग्रजीत गेला, असे माझी नात सांगते. आपल्याकडे न्हाण्यासाठी शिकेकाई आणि रिठा असे. मग हा शब्द आपला कसा? (एक वाचिका, सातारा)

उत्तर : आपल्या नातीचे म्हणणे बरोबर आहे, मात्र इंग्रजांनी आपल्याकडून उचलला तो केस धुण्याचा शब्द नव्हे, अंग चेपण्याचा. हिंदीत ‘चाँपना’ म्हणजे दाबणे, मळणे, आणि ‘चाँपो’ हे त्याचे आज्ञार्थी रूप. तेच इंग्रजीत क्रियापद होऊन बसले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील इंग्रजी लेखनात ते सापडते, पण त्याचा अर्थ तेव्हा ‘मालिश करणे’ एवढाच होता. नोकराकडून पाय चेपून घेणाऱ्या साहेबाच्या तोंडी आज्ञार्थच बसावा, यात नवल नाही! आपली ‘चंपी’ आणि साडी ‘चापूनचोपून’ नेसण्यातले ‘चापणे’ ही याच कुळातली दिसतात.

विलायतेत हा शब्द गाजवला तो 1759 साली पाटण्यात जन्मलेल्या शेख दीन महोमेद यांनी. लंडनमध्ये 1810 साली काढलेले त्यांचे भारतीय खाद्यगृह चालले नाही, दिवाळे निघाले. पण पुढे ब्रायटनच्या समुद्रकिनारी त्यांनी थाटलेल्या स्नानगृहाने त्यांना हात दिला. तेथे रुग्णाला औषधी वनस्पतींच्या वाफेत, फ्लॅनेलच्या तंबूत बसवीत. तंबूला बाह्या शिवलेल्या असत आणि मालिश करणारा बाहेर उभा राहून त्यांतून हात आत घालून अंग रगडीत असे. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन्ही राजांनी त्यांना आपले ‘शाम्पूइंग सर्जन’ नेमले होते. त्या पदवीचा केसांशी काही संबंध नव्हता, हे आज मुद्दाम सांगावे लागते.

साबणाचा फेस करून डोके चोळून धुणे, हा अर्थ 1860 च्या सुमारास रूढ झाला. चोळण्याची क्रिया तीच राहिली, जागा तेवढी अंगावरून डोक्यावर आली. मग ज्याने डोके धुवायचे त्या द्रव्यालाही तेच नाव मिळाले आणि मालिशीचा अर्थ मागे पडला. मराठीत हा शब्द परतला तो केवळ नाम होऊन, त्यामुळे आपल्याला ‘शाम्पू करणे’ किंवा ‘शाम्पू लावणे’ असे म्हणावे लागते. इंग्रज मात्र आजही गालिचासुद्धा ‘शाम्पू’तो.